सॉरी फॉरवर्ड होत नसतं

गेल्या वर्षीचा दसरा आठवतोय? 2 ऑक्टोबर, गुरुवार. गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, त्यामुळे एक सुट्टी बुडाली म्हणून आपण सगळ्यांनी जे दुःख साजरं केलं होतं, त्याचे मीम्स अजून माझ्या फोनमध्ये आहेत. त्याच दिवशी पुण्यात आणखी एक सण होता. त्याला मिरवणूक नाही, फराळ नाही, स्टोरीवर टाकण्यासारखा एकही फोटो नाही. त्या दिवशी काही घरांतली माणसं पंचवीस तास पाण्याचा थेंबही न घेता बसली होती आणि वर्षभरात आपण काय काय माती खाल्ली, ते आठवत होती.

मला हे कळलं ते आदल्या दिवशी आलेल्या एका फोनमुळे. रास्ता पेठेत राहणारी माझी एक मैत्रीण आहे, बेने इस्रायल. घरात मराठी बोलते, माझ्यापेक्षा बरं बोलते. 1 ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमाराला तिचा फोन आला. मेसेज नाही, थेट फोन. मला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे.

‘दोन मिनिटं आहेत का? तुझी माफी मागायचीये.’

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, ‘मार्चमध्ये तुझा तो इंटरव्ह्यू गेला आणि तू जिन्यात बसून रडलास, ते मी सगळ्यांना सांगितलं. हसवायला म्हणून सांगितलं. तू विश्वासानं माझ्यासमोर रडला होतास. मी चुकले.’

बस्स. ‘पण’ नाही, ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ नाही. मी नेहमीसारखं म्हणालो, ‘अगं सोड ना, झालं ते झालं.’ त्यावर ती म्हणाली, ‘सोड म्हणू नकोस. माफ केलंस की नाही, ते सांग. नसेल केलं तरी चालेल, पण सांग.’

खरं सांगू? मी ती गोष्ट विसरलो नव्हतो. सहा महिने ती कुठेतरी रुतून बसली होती. मी थोडा वेळ गप्प राहिलो आणि म्हणालो, ‘केलं.’ मग ती म्हणाली, ‘बरं, ठेवते. सूर्यास्ताच्या आत अजून चार फोन करायचेत.’

तिच्या त्या चार फोनांनी मला वर्षभर छळलंय. म्हणून हा लेख.

दार लावून घेण्याचा सण

त्या दिवसाचं नाव योम किप्पूर. प्रायश्चित्ताचा दिवस. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची दहावी तिथी. तुम्ही म्हणाल, दसराही दशमीलाच असतो. बरोबर. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि दोन्हींत अधूनमधून अधिक महिना घालून ती सूर्याशी जुळवून घेतात. त्यामुळे महिने जुळले की योम किप्पूर दसऱ्याच्या आसपास येतो. 2024 मध्येही तो 12 ऑक्टोबरला, ऐन दसऱ्यालाच होता. यंदा आपला अधिक ज्येष्ठ येऊन गेला, त्यांचा अधिक महिना अजून यायचाय. म्हणून या वेळी त्यांची दशमी भाद्रपदात पडते. म्हणजे 20 सप्टेंबरच्या संध्याकाळपासून 21 तारखेच्या रात्रीपर्यंत. ऐन गणपतीत.

आणि हा सण आपल्याला वाटतो तितका परका नाही. बेने इस्रायल लोक कोकणातले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. कुलाब्याच्या गावांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. नावं बघा: पेणकर, नवगावकर, किहीमकर, अष्टमकर, दिवेकर, राजपूरकर. अशी आडनावं ऐकली की आपण ‘गाव कुठलं?’ असंसुद्धा विचारत नाही.

शेकडो वर्षं त्यांच्याकडे ना सिनेगॉग होतं ना धर्मग्रंथ. हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शेमा’ तेवढी टिकली होती. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. त्याचं नाव शाआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. त्याआधीच्या काळात कोकणात योम किप्पूर हे नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. पण सण होता. त्याला म्हणायचे ‘दारफाळणीचा सण’. दार लावून घेण्याचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, कडक उपास करायचा, घराचं दार बंद करायचं आणि आत बसायचं. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’: दानधर्म करायचा, लोकांकडे जायचं.

गंमत बघा. योम किप्पूरच्या दिवसातली शेवटची प्रार्थना, सूर्य मावळताना म्हणतात ती, तिचं हिब्रू नाव ‘नेइला’. त्याचा अर्थही बंद होणं. स्वर्गाचे दरवाजे आता मिटत आले, जे बोलायचंय ते आत्ताच बोल. प्रार्थना विसरल्या, भाषा विसरली, ग्रंथ हरवले. पण ‘दार लागतंय’ एवढं कोकणातल्या त्या माणसांच्या लक्षात राहिलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. म्हणजे देवासमोर चूक कबूल करण्याचे हे शब्द मराठीत छापून शंभराहून जास्त वर्षं झाली. आपणच वाचले नाहीत.

पुण्यात तर पुरावे रस्त्यावर उभे आहेत. ससून हॉस्पिटलवरून रोज बस जाते तुमची. ज्यांचं नाव त्याला आहे ते डेव्हिड ससून मूळचे बगदादचे ज्यू. 1864 साली ते पुण्यातच वारले. कॅम्पातल्या ज्या लाल विटांच्या उंच मनोऱ्याच्या इमारतीला आपण ‘लाल देऊळ’ म्हणतो, ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग त्यांनीच सुरू केलेलं. त्यांच्यामागे 1867 मध्ये पूर्ण झालं. त्यांची कबरही त्याच आवारात आहे. रास्ता पेठेत बेने इस्रायल मंडळींचं सुक्कथ शेलोमो आहे, 1921 चं. बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, उरलेली मोजकी. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की अरे, हे आहेत इथे.

साबुदाण्याशिवायचा उपास

उपास म्हटलं की पुणेकराला काही शिकवायला नको. खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याचा चिवडा, वर दही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच केली आणि आपणच पाळतो. मी मैत्रिणीला विचारलं, तुमच्याकडे उपासाला काय चालतं? ती म्हणाली, ‘काहीच नाही.’ पाणी? ‘नाही.’ चहा? तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

अन्न-पाणी बंद, अंघोळ बंद, तेल-अत्तर बंद, चामड्याच्या चपला बंद. काम बंद, फोन बंद. आदल्या संध्याकाळच्या ‘कोल निद्रे’पासून दुसऱ्या रात्री शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकेपर्यंत. मग घरी येऊन मनुकांचं सरबत. तिच्या घरी आदल्या दिवशीच गोड पुऱ्या करून डब्यात भरून ठेवतात. तिची आजी म्हणते, उपासाची खरी परीक्षा त्या डब्याशेजारी बसण्यात आहे.

पण एक नियम मला सगळ्यांत आवडला. जो आजारी आहे, ज्याला उपासानं धोका आहे, त्यानं खायचंच. जीव वाचवणं उपासाच्या वर. आणि दुसरी गोष्ट. त्या सकाळी सिनेगॉगमध्ये यशया संदेष्ट्याचा जो भाग वाचतात, तो चक्क उपास करणाऱ्यांनाच झापतो. मान खाली घालून, गोणपाट नेसून उपाशी बसलात म्हणजे झालं का? उपाशी माणसाला भाकरी दिलीत का? बेघराला घरात घेतलंत का? विचार करा, पोटात कावळे ओरडत असताना तुम्हाला कुणीतरी भर सभेत सांगतंय की तुझा उपास नुसता शो आहे.

पुण्याला उपोषणांची मोठी परंपरा आहे. येरवड्यात गांधीजींचं 1932 चं उपोषण झालं, त्यातून पुणे करार आला. आगाखान पॅलेसमध्ये 1943 चं झालं. पण या दोन्हींच्या मधलं एक आपण विसरतो. मे 1933 मध्ये गांधीजींनी 21 दिवसांचा उपास केला, तो आत्मशुद्धीसाठी. येरवडा तुरुंगात सुरू झाला, सुटकेनंतर इथल्याच ‘पर्णकुटी’ बंगल्यात संपला. मागणी कुणाकडेच नव्हती. रोख स्वतःकडे होता. योम किप्पूरचा उपास याच जातीचा.

देव माफ करेल, पण ते तुमचं-आमचं नाही

आता मुद्द्याची गोष्ट, आणि माझ्या मते हा सण ज्यू नसलेल्या तुमच्या-माझ्यासाठी इथे सुरू होतो.

ज्यूंचा जुना कायदाग्रंथ आहे, मिश्ना. त्यात योम किप्पूरबद्दल एक सरळ हिशेब मांडलाय. माणसानं देवाचा जो अपराध केला, त्याचं प्रायश्चित्त या दिवशी होतं. पण माणसानं माणसाचा जो अपराध केला, त्याचं होत नाही. त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय नाहीच. म्हणजे पंचवीस तास उपाशी राहा, रडा, छाती बडवा. ज्याचं वाकडं केलंत, त्याच्या दारात गेला नसाल तर खातं उघडंच. देवसुद्धा त्याच्या वतीनं माफ करत नाही. आणि ‘आधी पाप करतो, मग योम किप्पूर आहेच’ असं म्हणणाऱ्याला तो दिवस उपयोगाचा नाही, हेही तिथेच लिहून ठेवलंय. पळवाट आधीच बुजवलेली.

बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसनं पुढचे नियम सांगितले. समोरच्यानं माफ केलं नाही तर पुन्हा जा. तीनदा जा. त्यानंतरही तो नाही म्हणाला तर थांब, त्याला त्याच्या जागी राहू दे. आणि पश्चात्ताप पूर्ण झाला हे कधी समजायचं? तीच संधी, तीच जागा पुन्हा समोर आली आणि ती चूक करणं सहज शक्य असूनही तुम्ही केली नाही, तेव्हा.

हे वाचताना मला माझा फोन आठवला. पर्युषण संपताना माझे जैन मित्र ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. किती सुंदर कल्पना आहे ती! पण आपण तिचं काय केलं? हात जोडलेल्या चित्रासह एक मेसेज, दोनशे जणांना, त्यात सोसायटीचा वॉचमन, ऑफिसचा एचआर आणि ज्याला खरंच दुखावलंय तोही. सगळ्यांना एकच माप. मैत्रिणीला म्हटलं, तुमच्याकडे बरंय. ती म्हणाली, ‘कसलं बरं? आमच्याकडेही आता फॉरवर्ड येतात. माझ्या चुलतभावानं आख्ख्या कुटुंबाच्या ग्रुपवर माफी मागितली. आजीनं त्याला फोन करून विचारलं, कशाबद्दल रे?’

कशाबद्दल रे? आजीनं दोन शब्दांत हजार वर्षांचं धर्मशास्त्र सांगितलं.

माझं उघडं खातं

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी माझं सांगतो.

तिसऱ्या वर्षाला आमच्या वर्गात एक मुलगा होता. लहान गावातून आलेला, हुशार, इंग्रजी कच्चं. त्याला वर्गातली एक मुलगी आवडायची. तिला काय लिहावं म्हणून त्यानं एक लांबलचक इंग्रजी मेसेज तयार केला आणि आधी मला पाठवला. ‘भावा, जरा बघ ना, चुका असतील.’ चुका होत्याच. मी स्क्रीनशॉट काढला आणि आमच्या नऊ जणांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो आख्ख्या वर्गात फिरला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी त्यातली एक ओळ मोठ्यानं म्हटली. तो उठून गेला. नंतर वर्गात मागे बसायला लागला, कँटीनला यायचा बंद झाला.

मी त्याला मेसेज केला होता: ‘सॉरी यार, गंमत होती, मनावर घेऊ नको.’ पुढे दात दाखवणारा इमोजी. दोन निळ्या टिका. उत्तर नाही. आणि मी मनातल्या मनात टिक करून टाकलं. माफी मागितली, विषय संपला.

मैत्रिणीच्या फोननंतर मला पहिल्यांदा कळलं की ती माफी नव्हतीच. ‘गंमत होती’ म्हणजे मी निर्दोष. ‘मनावर घेऊ नको’ म्हणजे दोष त्याच्या मनाचा. त्या एका ओळीत मी त्याच्यावर अजून एक काम टाकलं होतं, माझी टोचणी घालवायचं.

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी मी त्याला फोन लावला. तो आता चाकणला नोकरी करतो. मी कागदावर लिहून ठेवलं होतं तरी त-त-प-प झालं. ‘तू विश्वासानं पाठवलेला मेसेज मी ग्रुपवर टाकला. हसण्यासाठी. नंतर माफी मागितली तीही खोटी होती. चूक माझी होती.’ पलीकडून नुसता मशीनचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, ‘त्यानंतर वर्षभर मी कुणाला इंग्रजीत काही लिहिलं नाही. मेलसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचो.’ मला काय बोलावं सुचेना. मी म्हणालो, ‘माफ करशील का?’ तो म्हणाला, ‘बघू.’

बघू. अजून तो ‘बघू’च आहे. हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट तोवर माझ्यासाठी तो एक जुना किस्सा होता, आता त्याचं वजन किती ते कळलं. पण ते वजन आधीपासून होतंच, फक्त ते तो एकटा उचलत होता.

‘मी’ नाही, ‘आम्ही’

योम किप्पूरच्या कबुलीजबाबात आणखी एक गोष्ट आहे. तो अनेकवचनात म्हणतात. ‘मी खोटं बोललो’ असं नाही, ‘आम्ही खोटं बोललो, आम्ही निंदा केली, आम्ही फसवलं.’ ज्यानं ते केलंय तोही म्हणतो, ज्यानं नाही केलं तोही. पहिल्यांदा मला वाटलं, हे सोयीचं आहे. गर्दीत लपता येतं. मग आमचा नऊ जणांचा ग्रुप आठवला.

स्क्रीनशॉट मी टाकला. पण दोघांनी हसून लोळणारे इमोजी दिले. एकानं पुढे पाठवला. तिघांनी नुसता बघितला. एकाला वाईट वाटलं, तो गप्प बसला. प्रत्येकाला विचारा, तो म्हणेल, ‘मी कुठे काय केलं?’ आजकालची आपली बरीचशी पापं अशीच सहकारी तत्त्वावर चालतात. एकाला ट्रोल करायला हजार जण लागतात आणि त्यातल्या कुणालाच आपण काही केल्याचं आठवत नाही. अशा वेळी ‘मी’ सापडतच नाही. ‘आम्ही’ म्हणावंच लागतं.

मी त्या जुन्या, जवळजवळ मेलेल्या ग्रुपवर सगळं लिहिलं. चौघांनी उत्तर दिलं. एकानं ‘जुनं कशाला उकरतोस’ म्हटलं. एकानं त्याला स्वतः फोन केला.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, हे सगळं ठीक आहे, पण समोरच्याला आपला फोनच नको असेल तर? बरोबर प्रश्न आहे. ज्यानं तुम्हाला ब्लॉक केलंय, त्याच्या घराखाली उभं राहून माफी मागणं ही माफी नव्हे, ती दुसरी दादागिरी. जिथे तुमचं जाणंच समोरच्याला त्रासाचं आहे, तिथे जाऊ नका. तीच चूक दुसऱ्या कुणाशी पुन्हा न करणं एवढंच तुमच्या हातात राहतं. आणि माफ करणं हे समोरच्यावर बंधन नाही. ‘बघू’ म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण खरं सांगा, तुमच्या यादीतली किती माणसं अशी आहेत? बहुतेकांचा नंबर चालू आहे. अडतंय ते आपल्या अंगठ्यापाशी.

येत्या रविवारी, 20 तारखेला संध्याकाळी पेठांत ढोल वाजत असतील, देखावे बघायला गर्दी लोटली असेल. त्याच वेळी रास्ता पेठेत आणि कॅम्पात काही पांढऱ्या कपड्यांतली माणसं गर्दीतून वाट काढत प्रार्थनेला निघतील. दिसलीच तर जरा रस्ता द्या. आणि त्याआधी, दुपारी चारच्या सुमाराला, खोलीचं दार लावून दहा मिनिटं बसा. उपास करू नका हवं तर, पोटभर मोदक खा. फक्त एक नाव आठवा. एकच. ज्याला तुम्ही ‘सॉरी यार’ पाठवून मोकळे झालात. मग फोन लावा आणि त्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा.

कशाबद्दल रे?